डिस्पोजलची विलिस की नवी बॉडी? नकली जुन्या गाड्यांमुळे आपल्या छंदाचं काय होतंय?

निपाणीकर

नमस्कार मंडळी. संकेश्वरजवळ एका गृहस्थांकडे जीप विकायला आलीय. ते सांगतात, १९४४ ची विलिस एमबी आहे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन जीप, लष्कराच्या डिस्पोजलमधली (लष्कराने निकाली काढून विकलेली). फौजी हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, मागे जेरीकॅन, बाजूला फावडं आणि कुऱ्हाड, सगळं जागच्या जागी. मागणी साडेनऊ लाख.

माझ्या आजोबांकडे अशीच जीप होती. तंबाखूच्या हंगामात वखारीतून गावोगाव उचल द्यायला ते तीच घेऊन जायचे. म्हणून या गाडीत जीव अडकलाय.

पण काही गोष्टी खटकतात. पत्रा फारच सरळ आहे, ऐंशी वर्षं वापरलेल्या गाडीचा वाटत नाही. आरसी बुकात कंपनीच्या रकान्यात नुसतं ‘जीप’ आणि वर्ष १९६६. मालक म्हणतात, डिस्पोजलची गाडी ज्या वर्षी पहिल्यांदा पास झाली तेच वर्ष लिहिलंय. नंबर केए २३, म्हणजे चिकोडीचा. आधीचा नंबर वेगळा होता, पण तो कागद त्यांच्याकडे नाही.

आमच्यातला एकजण म्हणाला, डबवालीची नवी बांधलेली असणार, सोडून दे. दुसरा म्हणाला, रस्त्यावर कुणाला फरक कळतोय, घेऊन टाक. मला दोन्ही पटलं नाही. खरी कशी ओळखायची, नकली निघाली तर किंमत काय धरायची, हे सांगा. आणि मोठा प्रश्न असा की रॅलीत दहा जीपा उभ्या असल्या तर त्यातली खरी कोणती हे आता मलाही ओळखता येत नाही. याने आपला छंद वाढतोय की मरतोय? स्पष्ट लिहा.

उद्यमबाग लेथ

निपाणीकर दादा, विसार देऊ नका. आधी टॉर्च, टेप आणि फडक्यात गुंडाळलेलं चुंबक घेऊन परत जा.

माझं उद्यमबागला मशीन शॉप आहे, शेजारी ओतकामाची भट्टी. जुन्या जीपांची कामं वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे येतात. त्यामुळे थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

रंग, तारा, फावडं, डॅशबोर्डच्या खणावरच्या पाट्या यांच्याकडे बघूच नका. हे सगळं नवं विकत मिळतं. अख्खी बॉडीसुद्धा मिळते. फिलिपिन्समध्ये एमबीची बॉडी जशीच्या तशी दाबून बनवतात आणि ती जगभर जाते. आपल्याकडे हरियाणातल्या मंडी डबवालीला जीप बांधणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि हातात कसब आहे त्यांच्या. सांगाल तशी जीप ते बांधून देतात आणि बांधलेली आहे असं सांगूनच देतात. खोटं बहुतेक वेळा पुढच्या हातात सुरू होतं.

आता गाडीकडे या. समोरची जाळी मोजा. लढाईतल्या एमबीला आणि त्याच नमुन्यावर बनलेल्या फोर्डच्या जीपीडब्ल्यूला दाबीव पत्र्याच्या जाळीत नऊ फटी, नंतरच्या सिव्हिलियन सीजेला सात. स्टिअरिंग डावीकडे हवं. मागे उघडणारं फळकं नको, ते सीजेला आलं. पेट्रोल ड्रायव्हरची सीट उचलून भरायचं, बाहेरच्या बाजूला झाकण नको. हेडलाईटची पट्टी सैल करून दिवा मागे इंजिनवर फिरवता यायला हवा, रात्री दुरुस्ती करायला तशी सोय दिली होती. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. पण एवढं जुळलं म्हणून खूश होऊ नका, कारण महिंद्राच्या सीजे-३बीचं अंतरही तेवढंच आहे आणि नवी बॉडी त्या चेसीवर बसवता येते.

बॉनेट उघडा. एमबीचं इंजिन २.२ लिटर, ६० अश्वशक्तीचं, व्हॉल्व्ह सगळे ब्लॉकमध्ये, म्हणून हेड बसकं. सीजे-३बीच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर गेले, उंची वाढली, म्हणून त्या जीपचं बॉनेट उंच केलं. बुटक्या बॉनेटखाली ते इंजिन सहज मावत नाही. मग नकलेत पुजो डिझेल नाहीतर असंच काहीतरी बसवलेलं सापडतं.

आणि मग खाली झोपा. खरी परीक्षा तिथेच. रेडिएटरखाली चेसीचा पुढचा आडवा तुकडा चाचपून बघा. विलिसला तो गोल पाईपचा, फोर्डला उलट्या यू आकाराचा. फोर्डची असेल तर बोल्टच्या डोक्यावर, हुकावर, ब्रॅकेटवर बारीक एफ अक्षर दिसेल. फोर्डने सुट्या भागांवर आपली खूण उठवली होती. चौकोनी पाईप दिसला तर विषय संपला. पत्र्याचे सांधेही बघा. कारखान्यात स्पॉट वेल्डिंग होतं, ओळीने बारीक खळगे पडतात. हाताने बांधलेल्या बॉडीत सलग वेल्ड मारून, ग्राइंडर फिरवून वर लांबी (पुट्टी) भरलेली असते. लांबी जाड असेल तिथे चुंबक धरत नाही.

चेसी नंबरावरून बोट फिरवा. विलिसला बंपरच्या मागे डाव्या चेसी पट्टीच्या आतल्या अंगाला पाटी रिव्हेट केलेली असे. फोर्डला डाव्या चेसीच्या वरच्या अंगाला नंबर ठोकलेला. आपल्याकडे पाट्या कधीच पडून गेल्या आणि आरटीओत पास करताना नंबर नव्याने पंच झाले, असं पुष्कळ खऱ्या गाड्यांचं झालंय. तेव्हा हाताने पंच केलेला नंबर म्हणजे लबाडीच असं नाही. पण नंबराभोवतीचा भाग घासून खोलगट झाला असेल, तर तिथे आधी दुसरं काहीतरी होतं.

कागदाचं म्हणाल तर आरटीओतून बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे त्यांच्या रजिस्टरातल्या नोंदीचा उतारा, काढा. १९६६ साली आपण मैसूर राज्यात होतो. तेव्हाची गाडी असेल तर नंबर एमवायने सुरू होणारा हवा. तो जाऊन केए २३ कधी आणि का लागला, हे रजिस्टरात दिसायला हवं. आपल्या भागातल्या काही गाड्यांचे कागद १९५६ च्या आधीच्या मुंबई राज्याचे, मग मैसूरचे, मग कर्नाटकाचे असे तीन सरकारांचे असतात. असा जुडगा मिळाला तर जपा, त्याच्यासारखा पुरावा नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न. नकली गाडी खऱ्या गाडीची शान घालवते असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. नवीन बॉडी बनायला लागली म्हणून तर कुजलेल्या कितीतरी जीपा पुन्हा रस्त्यावर आल्या. मी स्वतः एमबीच्या इंजिनाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा ओतीव भाग) ओतून देतो, कारण जुने सगळे तडकलेत. फक्त पॅटर्नमध्येच सालाचा आकडा कोरून ठेवलाय, म्हणजे तो भाग उद्या कुणी ‘लढाईतला’ म्हणून विकू शकणार नाही.

नुकसान दुसरीकडे होतंय. नव्या बांधलेल्या गाडीला रस्त्यावर यायला कागद लागतो आणि तो मेलेल्या गाडीचाच मिळतो. म्हणजे मोडकी का असेना, खरी जीप फक्त आरसी बुकासाठी विकत घेतात. कागद आणि नंबर एकीकडे जातो, लोखंड भंगारात जातं. खानापूरच्या पुढे, लोंढ्याच्या बाजूला, लाकडाच्या ठेकेदारांकडे जुन्या जीपा असायच्या. त्यातली एक फोर्ड मी ओळखून होतो. फणसाखाली उभी होती, चाकं मातीत रुतलेली, पण चेसी सरळ आणि हुकावर एफ स्वच्छ वाचता येत होता. बाहेरगावच्या एजंटाने कागदासकट घेतली. मी पोचलो तेव्हा चेसी गॅस कटरने तीन तुकडे करून वजनकाट्यावर ठेवलेली. तिचा नंबर आज कुठल्या तरी चकचकीत गाडीवर फिरत असणार. लढाईच्या काळात अशा साडेसहा लाखांच्या आसपास जीपा बनल्या होत्या, म्हणून लोकांना वाटतं एखादी गेली तर काय. आपल्या तालुक्यात किती उरल्यात ते मोजा.

टिळकवाडी ते कॉव्हेंट्री

लेथवाले काका, मॅनिफोल्डवर साल कोरता हे वाचून फार बरं वाटलं. जुन्या वाहनांची जी जागतिक संघटना आहे, फिवा, तिच्या टुरिन सनदेत हेच सांगितलंय: बदललेल्या भागावर टिकाऊ खूण करा, म्हणजे जुनं कोणतं आणि नवं कोणतं ते पुढच्याला कळेल.

मी बेळगावचा, कामानिमित्त इकडे इंग्लंडात असतो. किमतीबद्दल इकडचा अनुभव सांगतो. नकलांनी खऱ्या गाड्यांचे भाव पडले नाहीत. कोब्रा ही स्पोर्ट्स कार घ्या. १९६० च्या दशकात सगळ्या मिळून सुमारे हजार बनल्या. आज रस्त्यावरच्या नकला त्याच्या कितीतरी पट आहेत, लोक घरच्या गॅरेजमध्ये किट जोडून त्या बनवतात. तरी अगदी पहिली कोब्रा, सीएसएक्स २०००, २०१६ च्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. नकलांमुळे ती गाडी घराघरात माहीत झाली आणि ज्यांच्याकडे अस्सल होती त्यांच्या इतिहासाला भाव आला.

पुढे कंपन्यांनीच हा रस्ता धरला. जग्वारची एक्सकेएसएस १९५७ ची. कारखान्याला आग लागली, नऊ गाड्या जळाल्या, सोळाच बाहेर पडल्या. २०१६ मध्ये जग्वारने जाहीर केलं की त्या नऊ आम्ही आता बनवतो. किंमत दहा लाख पौंडांच्या वर. मग ही नक्कल म्हणायची की अस्सल? कंपनी तीच, नकाशे तेच, मध्ये साठ वर्षं गेली. मला विचाराल तर ती उत्तम नवी गाडी आहे, जुनी नाही. उलट फेरारीच्या २५० जीटीओची नक्कल करण्यावर इटलीत बोलोन्याच्या न्यायालयाने २०१९ मध्ये बंदी घातली. गाडीचा आकार ही कलाकृती आहे, असं म्हणून.

आणि एक खटला काकांना आवडेल. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली, १९२९ आणि १९३० ची ल मां शर्यत जिंकलेली. नंतर तिचं इंजिन, चेसी, बॉडी सगळं टप्प्याटप्प्याने बदलत गेलं. एक कोटी पौंडांत सौदा ठरल्यावर घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नाही. १९९० मध्ये लंडनच्या कोर्टाने निकाल दिला की हीच ती. का, तर तिचा इतिहास कुठे तुटला नव्हता. एकाच वेळी ती कधी दोन ठिकाणी नव्हती, कुणी तिचं नाव उचलून दुसऱ्या गाडीला लावलं नव्हतं.

वरातगाडी खानापूर

काका, तुमचं कागदाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण सगळ्या नकला एका रांगेत उभ्या करू नका, एवढीच विनंती.

आमच्या घरी लग्नाच्या वरातीची गाडी आहे. माझ्या सासऱ्यांनी अॅम्बॅसेडरवर लांब बॉनेटची, पितळी भोंग्याची, बाहेर मडगार्ड असलेली बॉडी बांधून घेतली. बदल आरसीवर तेव्हाच चढवलाय. तुळशीचं लग्न झालं की खानापूर, नंदगड, बिडी, पार हल्ल्याळपर्यंत तारखा लागतात. कुणी विचारलं तर ‘अॅम्बॅसेडर आहे, बॉडी नवी’ असं आम्ही स्वतःहून सांगतो. बुकिंगच्या पावतीवरही तसंच लिहितो.

या गाडीने अस्सल गाड्यांचं भलंच केलंय, ते असं. शहापूरला आमच्या मामांकडे एक डुक्कर फियाट (जुन्या फियाटचं टोपणनाव) आहे, जपून ठेवलेली. ओळखीपाळखीतलं लग्न निघालं की मागणी यायची आणि नाही म्हणता यायचं नाही. वरात म्हणजे पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून दोन-अडीच तास बँडच्या मागे सरकायचं. रेडिएटर उकळायचा, एकदा तर क्लच प्लेटच जळाली आणि गाडी मारुती गल्लीतून ढकलत आणावी लागली. त्या प्लेटसाठी मामांनी कुठेकुठे फोन केले ते मी बघितलंय. आता वरातीला आमची गाडी जाते आणि फियाट रविवारी सकाळी कॅम्पात एक फेरी मारून घरी येते.

आणि ज्याच्याकडे साडेनऊ लाख नाहीत त्याला जुन्या गाडीची हौस असू नये का? आमच्या वर्कशॉपमधली पोरं या गाडीवरच पत्रा ठोकायला शिकली. त्यातला एक आता खऱ्या गाड्यांची कामं घेतो.

उद्यमबाग लेथ

ताई, तुमच्या सासऱ्यांनी केलं ते चोख केलं. नाव तेच, नंबर तोच, बदल कागदावर. वरातीचा मुद्दा तर माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि तो अगदी खरा आहे. माझ्याकडे येणारे जळलेले क्लच पुष्कळ वेळा लग्नसराईतलेच असतात.

फक्त नवीन कुणी आज असं करायला निघालं तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिल्यापासून कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार केलेली गाडी नोंदवून घेत नाहीत.

याला जोडून सगळ्यांसाठी लिहितो, कारण याच्यातून नवी लबाडी निघतेय. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंद सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीची फी २० हजार, दहा वर्षांची मुदत. रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरती रस्त्यावर आणायची. यातली महत्त्वाची अट म्हणजे चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. हेतू चांगला आहे. पण यामुळे जुन्या आरसी बुकाला आणखी भाव आला. व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल, असं सांगून एजंट मेलेल्या गाडीचे कागद विकतात.

कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसऱ्याला बाहेर निघते, तेव्हा तिच्या अस्सलपणाबद्दल कुणी विचारत नाही. घर तेच, गाडी तीच, गावाने पिढ्यान्‌पिढ्या बघितलेली. आपल्यासारख्यांच्या गाड्यांना असं गाव साक्षीला नसतं. म्हणून आपल्याला कागदाचा आणि लोखंडाचा मेळ स्वतः घालावा लागतो.

निपाणीकर, किंमतीचं राहिलंच. नकली बॉडी असली तरी खाली खरी सीजे-३बी आणि कागद तिचेच असतील, तर ती सीजे-३बीच्या भावाने घ्या, बॉडीचा खर्च वेगळा धरा. विलिसचा भाव द्यायचा नाही. आणि कागद एका गाडीचे, चेसी दुसरीची असेल, तर फुकटही घेऊ नका.

निपाणीकर

जाऊन आलो. मालकांनी चहा पाजला आणि स्वतः जॅक लावून दिला, त्यांच्या मनात काही नव्हतं हे आधी सांगतो.

जाळीला नऊ फटी आहेत. अंतर ८० इंच भरलं. सीट उचलून पेट्रोल भरायची टाकीही आहे. इथपर्यंत छाती फुगली होती. मग खाली गेलो. पुढचा आडवा तुकडा चौकोनी पाईपचा, वेल्ड ताजा, वर काळा रंग. दोन्ही बाजूंच्या चेसी पट्ट्याही बाजारातल्या चॅनेलच्या, कुठे जुन्या रिव्हेटचं भोकसुद्धा नाही. नंबराखाली वेगळा तुकडा वेल्ड करून बसवलाय. काकांनी सांगितलं तसं बोट फिरवलं, कडा लागतात.

बी एक्स्ट्रॅक्टही काढला. १९६६ ची नोंद आहे, जुना नंबर एमवायचाच, आणि गाडी महिंद्राची जीप. म्हणजे कुणाची तरी खरी सीजे-३बी होती, तिचा आता नंबराएवढा तुकडा उरलाय, तोही तिचाच असेल तर. लढाईशी हिचा काही संबंध नाही.

मालकांना दाखवलं तर ते गप्पच बसले. त्यांनी दोन वर्षांपूर्वी एजंटाकडून विलिस म्हणूनच घेतली होती, साडेआठ लाखाला. त्यांनी आता काय करावं? मी घेणार नाही हे नक्की, पण त्यांना तसंच सोडून यायला बरं वाटत नाही.

उद्यमबाग लेथ

त्यांना सांगा, गाडी रस्त्यावर काढू नका आणि दुसऱ्या कुणाला विकू तर अजिबात नका. नंबराचा तुकडा वेल्ड केलेला सापडला तर गाडी जप्त होऊ शकते आणि उत्तर शेवटच्या मालकाला द्यावं लागतं. एजंटाशी झालेला व्यवहार, बँकेची नोंद, त्याने पाठवलेले मेसेज, जाहिरातीतला ‘१९४४ विलिस’ हा शब्द, सगळं एकत्र करून वकिलाला दाखवा. एजंट अजून धंद्यात असेल तर पैसे परत मिळायची आशा आहे. तुम्ही काढलेले चेसीचे फोटो त्यांना द्या. चेसीची मापं लिहून हवी असतील तर मी येऊन लिहून देतो.

तुमच्यासाठी एक सांगतो. हत्तरगीकडे एका गोठ्यात सीजे-३बी उभी आहे. बॉडी खालून पूर्ण कुजलीय, इंजिन जाम आहे. पण चेसी कंपनीची, एमवायचा नंबर आणि कागद तिचेच, पहिल्या मालकाच्या मुलाकडे. ती विलिस नाही, उंच बॉनेटची महिंद्रा आहे. उंच बॉनेटचाच पत्रा नव्याने बसवू आणि आरसीवर आहे तेच नाव राहू द्या. मी रविवारी मॅनिफोल्डची मापं घ्यायला तिकडे जाणार आहे. यायचं असेल तर सकाळी नऊला हत्तरगी टोलनाक्यापाशी थांबा, जुने कपडे घालून या.